निगेटिव्हची स्लाइड

४ नोव्हेंबर

धाकटे,

गोटीबद्दल विचारलंस त्याचं उत्तर मागच्या वेळी होतं तेच आहे. ती कुठेही येणार नाही. "शाळेला सुट्टी लागली की न्यायला येते," असं तू परस्पर ठरवून लिहितेस, जणू तुझी एखादी पेटी मी इथे सांभाळून ठेवली आहे. नवरा निघून गेला, शिक्षण पुरं करायचं आहे, थोडे महिने बघ, असं म्हणून रांगती पोर माझ्या मांडीवर ठेवलीस. ते थोडे महिने चालू असतानाच तिला दात आले आणि आता ते पडायलाही लागले. ती मला आई म्हणते. तुला 'फोटोतली मावशी' म्हणते. मी शिकवलेलं नाही, तिचं तिनेच ठरवलं. मागे तू आलीस तेव्हा मी दाराची कडी काढली नाही, हे तू सगळ्या नात्यात सांगत फिरलीस. खुशाल सांग. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कोणीही येईल.

आता कामाचं. खरं तर त्यासाठीच लिहायला बसले. फोन केला असता, पण फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि तिसऱ्याला तू फोन ठेवतेस.

आमच्या छातीच्या दवाखान्याला शेवटी तुझ्याकडे आहे तसला मायक्रोस्कोप मिळाला, फ्लुरोसन्सचा. कंपनीच्या माणसाने जोडून दिला आणि मी कालच कामाला लागल्यासारखं मला समजावलं, की बाई, आता क्षयाचे जंतू लाल रंगवून साध्या उजेडात शोधायचे नाहीत, पिवळे रंगवायचे, वरून निळा प्रकाश टाकायचा, म्हणजे काळोखात ते आपणहून चमकतात, विरळ असले तरी सुटत नाहीत. मी म्हटलं, माझी धाकटी बहीण हेच करते, पुढे बोला. पुढे त्याला बोलता येईना. चहा घेतला आणि गेला. पुस्तक दिलंय ते कुठल्या भाषेत आहे तेही आम्हाला कळत नाही.

भांडाराची खोली रिकामी करून खिडकीला काळं कापड लावलं आहे. पण भिंगातून बघावं तर अर्धं वर्तुळ उजळ आणि अर्धं मिट्ट. आमच्या खोलीत मी आणि दुसरा एक टेक्निशियन, एवढेच आहोत. तो प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून सगळे त्याला वकील म्हणतात. वकिलाचं म्हणणं, दिवाच सदोष आला. मला वाटतं आपल्याला लावता येत नाही. तू कसा लावतेस ते सविस्तर लिही.

आणि पिवळ्या रंगाची एक पॉझिटिव्ह स्लाइड पाठव, तुझ्या डोळ्याखालून गेलेली. वॉर्डातल्या रोग्याची इथेही करता येईल, पण मग चुकतंय ते यंत्र की माझा रंग हे कसं समजणार? जंतू असलेली स्लाइड चमकली आणि नसलेली काळी राहिली, तरच यंत्रावर विश्वास ठेवायचा. तोवर एकाही रोग्याचा रिपोर्ट यावरून देणार नाही, असं मी मोठ्या डॉक्टरांना सांगून टाकलं आहे. निगेटिव्हची, म्हणजे निरोगी माणसाच्या थुंकीच्या स्लाइडची, चिंता नाही, ती नेहमीप्रमाणे माझीच असेल. या खोलीची निगेटिव्ह पहिल्यापासून मीच. वकील सिगारेट ओढतो, सकाळी खाकरतो, त्याच्या थुंकीवर कोण भरवसा ठेवणार?

रंगकामाला लागणाऱ्या परमँगनेटची पूड घशात जाऊन खवखवतं आहे, बाकी ठीक.

ताई

१३ नोव्हेंबर

धाकटे,

दिव्यावर चार पानं आणि शेवटच्या ओळीत 'गोटीला पापा'. दिला पापा. कोणाचा ते नाही सांगितलं.

दिवा लागला. तू लिहिलंस तसं बल्बला बोट लावलं नाही, काच स्पिरिटने पुसली, भिंग काढलं आणि स्टेजवर पांढरा कागद ठेवला. खरंच ग, त्या कागदावर दिव्याची ठिणगी उमटली आणि बाजूला तिचीच उलटी सावली. मागचे स्क्रू फिरवत फिरवत दोघींना शेजारी आणलं, मग पसरवलं आणि भिंग परत लावलं. सगळं वर्तुळ एकसारखं उजळलं. वकील म्हणाला, "हे मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो." मी म्हटलं, "पहिल्या दिवशी तुम्ही दिवा परत पाठवा म्हणत होतात." तो म्हणाला, "तोही एक मार्ग होता." त्याच वकिलाने परवा दिवा विझवून लगेच पुन्हा लावला. गार होऊ द्या असं तू खाली रेघ मारून लिहिलं होतंस, ते पान मी आता भिंतीवर चिकटवलं आहे. बल्ब वाचला, नशीब आमचं.

मग सगळं हिरवंगार दिसायला लागलं, शेवाळ साठल्यासारखं. सवयीने मी भिंगावर तेल घातलं होतं आणि जुनं तेल स्वतःच चमकत होतं. तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर ते आहे, मी दुसऱ्या पानावर असतानाच घाई केली. हसू नकोस.

तुझी स्लाइड काळ्या कागदात नीट पोचली. लावली आणि बघतच राहिले. काळ्याभोर पाण्यात कोणीतरी पिवळ्या बारीक काड्या सांडाव्यात तसं. सुंदर दिसतं हे म्हणायची लाज वाटते, कारण त्या काड्यांनी आमच्या वॉर्डातल्या खाटा रिकाम्या होताना मी बघितल्या आहेत. पण सुंदर दिसतं.

ती थोडी फिकी पडली आहे हे तू म्हणालीस ते बरोबर. तुमच्याकडच्या चांगल्या स्लाइड कोणी उजेडात विसरून घालवल्या, म्हणून मला भरपूर जंतूंची एखादी सापडली तर तुझ्यासाठी काढून ठेव म्हणतेस. ठेवीन. तेवढं देणं मला जमेल.

गोटी विचारत होती, काळोखात बसून काय करतेस. काजवे शोधते म्हटलं. "मग एक घरी आण ना," म्हणाली. अजून माझ्या दंडावर डोकं ठेवल्याशिवाय झोपत नाही. पुढचा दात हलतो आहे, तो जिभेने ढकलत बसते. तुला कळावं म्हणून लिहिलं, न्यायला येण्यासाठी नाही.

ताई

२१ नोव्हेंबर

धाकटे,

यंत्र तरी बिघडलंय नाहीतर तुझ्या सूचना तरी. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

निगेटिव्ह चमकते आहे. दर वेळी. पॉझिटिव्ह चमकायला हवी ती चमकते, ते ठीक. पण माझी स्लाइड, जी ठार काळी राहायला हवी, तिच्यातही काड्या दिसतात. पहिल्यांदा वाटलं, दोन्ही एकाच ताटलीत धुतल्या म्हणून एकीवरचं दुसरीवर गेलं. ताटल्या वेगळ्या केल्या. मग वाटलं नळाच्या पाण्यात काही असेल, पाण्यातलेही काही जंतू असे चमकतात असं तूच लिहिलंस. पाणी शुद्ध केलेलं मागवलं. रंग नवा गाळला, कोऱ्या काचा फोडल्या, ड्रॉपर बदलला. परमँगनेट कमी बसलं असेल म्हणून पुन्हा केलं. फिल्टर काढून पुसून बसवला. काड्या तिथल्या तिथे.

नाचता येईना म्हणून अंगण वाकडं, असं तू म्हणशील. म्हण. पण मी या कामात म्हातारी झाले आहे, मला स्लाइड रंगवता येते.

वकील म्हणतो, "ताई, आपण यंत्रावर खटला भरू." मोठे डॉक्टर रोज दारात येऊन "झालं का?" विचारतात. वॉर्डात अशी माणसं पडली आहेत की ज्यांचा रिपोर्ट जुन्या मायक्रोस्कोपवर साफ येतो आणि ताप उतरत नाही. त्यांच्यासाठी हे यंत्र आणलं आणि ते माझ्यासारख्या धडधाकट बाईला रोगी ठरवून बसलंय.

आणि तुझं दुसरं पत्र. त्यात एकदम ताबा, कायदा, कोर्ट. जन्म तू दिलास हे मला कोणी कागदावर लिहून द्यायला नको. पण गोवर आला तेव्हा तिच्या उशाशी कोण बसलं होतं, हे कोर्ट विचारेल का ग? वकील माझ्याकडेही आहे, टेक्निशियन असला म्हणून काय झालं.

गोटीने बाहुलीला नवीन खेळ शिकवला आहे. बाहुलीचं तोंड तिच्या कोपरात दाबते आणि खोकते. "आई अशी खोकते," म्हणून शेजारणीला दाखवत होती. शेजारीण हसून हसून लोळली. ती म्हणते मी बारीक झाले, उपाय सांग. मी म्हटलं, बहीण वैरीण असली की चरबी आपोआप उतरते. संध्याकाळी जरा अंग मोडून येतं. दिवसभर काळोखात वाकून बसल्यावर दुसरं काय होणार.

निगेटिव्ह कशाने चमकते ते लवकर लिही. भांडण नंतर करू.

ताई

३० नोव्हेंबर

धाकटे,

तुझ्या पत्रात एकच ओळ होती. 'ताई, निगेटिव्हचा नमुना कोणाचा घेतेस?' खाली सही नाही, गोटीला पापा नाही.

ती ओळ वाचून मला राग आला. मग मी पत्र एप्रनच्या खिशात घालून काळोख्या खोलीत जाऊन बसले आणि दिवाही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलाला म्हटलं, तुमचा नमुना द्या. तो म्हणाला, "मी ओढणारा माणूस, माझा चालत नाही हे तुमचंच वाक्य." मी म्हटलं, आज चालतो. त्याचा आणि माझा, दोन्ही नमुने सारख्याच कोऱ्या काचांवर पसरले, एकाच बाटलीतला रंग, एकच पाणी. काचांवर नाव घातलं नाही, मागे फक्त खूण केली. अदलाबदल करून त्याच्या हातात दिल्या आणि म्हटलं, कोणती कोणाची ते मी सांगणार नाही, तुम्ही वाचा. मी बाहेर बाकावर बसले.

तो बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा चष्मा हातात होता. म्हणाला, "एक काळी आहे." दुसरीबद्दल काही बोलला नाही. मी म्हटलं, "रंग जास्त बसला असेल." तो चष्मा पुसत राहिला. "काच खराब असेल." तरी पुसतच राहिला. धाकटे, तो माणूस माझ्याशी वाद घालेना, तेव्हाच मला समजलं. नंतर काच उलटी करून खूण बघितली ती नुसती रीत म्हणून.

यंत्र पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. दिवा नीट लागला होता, पाणी स्वच्छ होतं, रंगही चांगला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता तू विचारशील की इतके दिवस जुन्या मायक्रोस्कोपवर हे कसं दिसलं नाही. सुरुवातीला खरंच विरळ असतील. पण दुसरं कारण तुला सांगायला हवं, कारण तूही हेच काम करतेस. निगेटिव्ह म्हणून ठेवलेली स्लाइड कोणी बघतच नाही ग. मी रोग्यांच्या काचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघत होते आणि माझी काच लावून, एक नजर टाकून, 'काळजी नाही' म्हणून काढत होते. खोकला मी रोज दारातून आत येणाऱ्यांचा ऐकत होते. कपडे सैल झाले, संध्याकाळी कणकण, हे रोग्याने सांगितलं असतं तर मी त्याला उभ्या उभ्या थुंकीची डबी दिली असती.

एक्स-रे काढला. दोन्ही बाजूंना आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, उशीर झाला आहे पण औषध लागू पडेल. ते माझ्याकडे न बघता बोलले, म्हणून मी ते निम्मं धरलं.

माझं सोड. मला आता भीती वाटते ती एकच. ती माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपते. माझ्या तोंडाशी तिचं तोंड असतं. आमची ती एकच खोली, थंडीचं खिडकी लावून घेते मी. काजवा घरी आण म्हणाली होती ना, मी तो रोज नेत होते. कोणाला द्यायची नाही, कोणाच्या घरी पाठवायची नाही, माझ्याजवळच ठेवायची, असं करून करून मी तिला याच्याजवळ ठेवली.

सध्या ती शेजारणीकडे आहे. कालपासून दाराशी येऊन उभी राहते आणि विचारते, "मी काय केलं?" मी आतून सांगते, काही नाही केलंस. मग ती म्हणते, "मग कडी काढ ना." तुझ्यावर जी कडी घातली तीच तिच्यावर घालून बसले आहे.

ये आणि तिला घेऊन जा. सुट्टी लागायची वाट बघू नकोस. कायद्याचा कागद आणायची गरज नाही.

ताई

९ डिसेंबर

धाकटे,

वॉर्डाच्या काचेपलीकडे तू उभी होतीस आणि मी इकडून हातवारे करत होते. तोंडाला पट्टी, त्यातून तुला एक शब्द ऐकू गेला नसेल. इतकी वर्षं भांडायला आवाज पुरला आणि नेमका आज पुरला नाही. म्हणून हे लिहून वकिलाच्या हाती देते आहे. त्याने गाडी सुटायच्या आत तुला दिलं असेल. रस्त्यात वाच, पण ती झोपल्यावर.

ती डाव्या कुशीवर झोपते. खूप दमली तरी 'नाही झोप आली' म्हणते, तेव्हा पाठीवर हात फिरवायचा, बोलायचं नाही. दूध कोमट लागतं. आंघोळीला त्रास देते, पण बाहुलीला आधी घातली की स्वतःहून येते. दात अजून पडलेला नाही. पडला की तो ठेवून द्यायचा आहे असं तिचं माझं ठरलं आहे, तेवढं पाळ. ती तुला मावशी म्हणेल. लगेच दुरुस्त करू नकोस, हळूहळू होईल. मी तिला सांगितलं आहे, "मावशीकडे मोठा मायक्रोस्कोप आहे आणि ती तुला त्याचं काम शिकवील." हे माझं खोटं तू खरं कर.

ती निघताना रडली नाही, हे मला फार लागलं. तुझं बोट धरून मागे न बघता गेली. फाटकाशी मात्र वाकून बुटाचा बंद बांधायला बसली आणि किती तरी वेळ बसली. तिला बंद बांधता येतो, मीच शिकवला आहे.

तिच्या एक्स-रेवर हृदयाच्या बाजूला गाठ सुजल्यासारखी दिसते, ते डॉक्टरांनी तुलाही सांगितलं. ठरल्याप्रमाणे तुमच्या दवाखान्यात सकाळी उपाशीपोटी नळी घालून तिच्या पोटातलं पाणी काढतील. मुलं थुंकी गिळतात, त्यामुळे असलं तर तिथेच सापडेल. नळी घालताना तू तिचा हात धर, नर्सवर सोडू नकोस. ती स्लाइड दुसऱ्या कोणाला वाचायला देऊ नकोस. मुलांच्या नमुन्यात जंतू अगदी विरळ असतात, एक नजर टाकून काढलीस तर माझ्यासारखी फसशील. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघ. आणि ती काळी निघाली तरी डॉक्टर औषध चालू करा म्हणाले तर कर, वाद घालू नकोस. वाद घालायला आमच्याकडे माणूस आहे. तो हल्ली फारसा घालत नाही.

इथलं यंत्र चालू झालं. वकील बसतो. निगेटिव्ह त्याची असते आणि तो ती रोज मन लावून वाचतो, सिगारेट सोडली आहे म्हणे. वॉर्डातल्या ज्या लोकांचा ताप उतरत नव्हता त्यांच्यातल्या काहींच्या स्लाइड चमकल्या, औषध सुरू झालं. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई त्यातलीच आहे. ती मला विचारते, "तुम्ही तिथेच कामाला होतात ना, मग तुम्हाला कसं कळलं नाही?" मी म्हणते, झोपा आता.

गोटीच्या पिशवीत कपड्यांच्या खाली काळ्या कागदात गुंडाळलेली एक काच आहे. हलक्या हाताने काढ आणि उजेडात ठेवू नकोस. भरपूर जंतूंची सापडली तर काढून ठेव म्हणाली होतीस ना, ही तशी आहे. मी रंगवलेली नाही, मला आता त्या खोलीत जाऊ देत नाहीत. वकिलाने रंगवली आणि चांगली रंगवली आहे.

तिची स्लाइड लावायच्या आधी माझी लाव. माझी चमकली म्हणजे दिवा बरोबर, रंग बरोबर, तुझे डोळे बरोबर. मग ती काढून ठेव, हात धू, आणि तिची लाव. तिची काळी दिसली तर, धाकटे, ती खरी काळी असेल.

ताई